वजाबाकीतल्या 'वरच्या' आणि 'खालच्या' संख्येला नाव काय?

रफवही

नमस्कार मंडळी. प्रश्न प्राथमिक शाळेतला आहे, तेव्हा आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

भाचीचं गणित मी रोज संध्याकाळी फोनवर घेतो. व्हिडिओ-बिडिओ नाही, साधा फोन. तिचा कागद मला दिसत नाही, माझा तिला दिसत नाही. गुणाकार-भागाकारात यामुळे काही अडलं नाही. 'भाज्य अमुक, भाजक तमुक' म्हटलं की दोघांच्या कागदावर एकच गणित उभं राहतं. वजाबाकीला मात्र परवा चांगलीच फजिती झाली.

मी गणित सांगितलं, ४०३ वजा १५८. 'आता वरच्या तिनातून खालचे आठ जात नाहीत, मग काय करायचं?' पलीकडे शांतता. थोड्या वेळाने आवाज आला, 'मामा, वर-खाली काही नाहीये. मी आडवं लिहिलंय.'

बरं. 'मग पहिल्या संख्येतून दुसरी वजा कर.' तर म्हणे पहिली कुठली? मधल्या वेळात मीच एकदा '१५८ हे ४०३ मधून वजा करायचेत' असं बोलून गेलो होतो आणि तिच्या लेखी पहिली संख्या १५८ झाली होती. शेवटी कंटाळून म्हटलं, 'अगं, मोठ्यातून लहान वजा कर.' हे मात्र तिला लगेच पटलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: ३५५.

घ्या! आठातून तीन गेले पाच, पाचातून शून्य गेलं पाच, चारातून एक गेला तीन. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. मी सांगितलं तेच तिने केलं, त्यामुळे रागवायचं कुणावर हाही प्रश्नच.

तर वर-खाली चालत नाही, पहिली-दुसरी चालत नाही, लहान-मोठी तर अजिबातच नाही. गणित उभं मांडा, आडवं मांडा, नुसतं तोंडी सांगा, तरी बदलणार नाहीत अशी नावं हवी आहेत. शब्दकोशात 'वियोज्य' आणि 'वियोजक' सापडले, पण त्यातलं ४०३ कोण आणि १५८ कोण? (मी पोटापाण्यासाठी मुद्रितं तपासतो. 'वियोज्य' टाइप केलं तर फोनने परस्पर 'विभाज्य' करून टाकलं. म्हणजे हा शब्द फोनच्याही ऐकण्यात नाही.) आणि उत्तराला काय म्हणायचं? 'वजाबाकी' आपण क्रियेलाही म्हणतो आणि उत्तरालाही.

पाढेपाठ

४०३ वियोज्य, १५८ वियोजक.

वियोज्य − वियोजक = वजाबाकी.

गुण्य-गुणक, भाज्य-भाजक, तशीच ही जोडी. शेवटी 'य' असेल त्याच्यावर क्रिया होते, शेवटी 'क' असेल तो ती करतो. 'क' म्हणजे करणारा, एवढं सांगा तिला. तरी गोंधळली तर भक्ष्य आणि भक्षक सांगा. भक्षक भक्ष्याला खातो, खाऊन उरेल ते उत्तर.

रफवही

भक्ष्य-भक्षक तिला फारच आवडेल, आजच सांगतो.

पण मला शंका काढायचीच सवय. वियोज्य म्हणजे 'वेगळं करायचं ते', बरोबर? मग वेगळं तर आपण १५८ करतोय! ४०३ मधून १५८ बाजूला काढायचे. या न्यायाने वियोज्य हे १५८ व्हायला हवं. भाज्याच्या बाबतीत ही पंचाईत नाही, तिथे भागायचं असं एकच असतं.

शब्दवेडी

शंका रास्त आहे आणि माझ्या मते या दोन शब्दांचा घोळ नेमका इथूनच होतो. 'युज्' म्हणजे जोडणे, 'वि' लागला की तोडणे, आणि 'य' प्रत्ययाने 'तोडण्याजोगं'. आता तोडायचं म्हणजे ज्याचा लचका निघणार ते, की निघालेला लचका? नुसत्या 'वियोज्य'कडे बघून हे ठरत नाही. ठरतं ते जोडीदारावरून. वियोजक म्हणजे तोडणारा, आणि ४०३ इथे कुणालाही तोडत नाहीत, तोडले जातात. म्हणून १५८ वियोजक, राहिलेलं ते वियोज्य.

गंमत म्हणजे तुमच्या मनात आलेला अर्थ लॅटिनमध्ये अधिकृत आहे. इंग्रजीतले मिन्युएंड आणि सबट्राहेंड हे शब्द तिथून आलेत आणि दोघांनाही 'करायचा' या अर्थाचा एकच प्रत्यय आहे. मिन्युएंड म्हणजे 'कमी करायचा', सबट्राहेंड म्हणजे 'खालून ओढून काढायचा'. दोघेही भक्ष्यच, भक्षक कुणीच नाही! शेपट्या सारख्या, त्यामुळे कोण कुठला हे शेपटीवरून कळायची सोय नाही. भागाकारात मात्र त्याच भाषेने डिव्हिडंड आणि डिव्हायझर असं नीट वेगळं केलं: एक भागायचा, एक भागणारा. आपल्याकडे तिन्ही जोड्या एकाच साच्यातून काढल्या आहेत.

संस्कृत गणितात वियोज्याला 'सर्वधन' असाही शब्द आहे. सगळीच्या सगळी रक्कम, जिच्यातून पुढे काहीतरी काढायचंय. मला तो वियोज्यापेक्षा जास्त बोलका वाटतो, पण 'वियोजक'शी यमक जुळत नाही म्हणून मागे पडला असावा. (हा शेवटचा शोध माझा, त्यावर कुणी विसंबू नये.)

सरळसोट

शाळकरी पोरीला संस्कृत कमी पडलं म्हणून आता लॅटिन. धन्य आहे.

अहो, आपण सगळे काय म्हणत मोठे झालो? 'पंधरातून आठ गेले, राहिले सात.' यातच तिन्ही नावं आहेत. असलेले, गेलेले, राहिलेले. मामा म्हणेल 'असलेले ४०३, गेलेले १५८, राहिलेले किती?' कागद आडवा असो की तिरका. वियोज्य म्हणायला जीभ वळायच्या आत गणित सुटेल.

पाढेपाठ

सरळसोट, हे सुटसुटीत आहे, पण प्रत्येक वजाबाकीत कुणी जातंच असं नाही. एक पुस्तक ४०३ पानांचं आणि दुसरं १५८ पानांचं, पहिल्याला किती पानं जास्त? दोन्ही पुस्तकं जागच्या जागी आहेत, एक पान कुठे गेलेलं नाही. किंवा वहीत १५८ ओळी लिहून झाल्या, ४०३ व्हायला किती हव्यात? इथे तर 'गेलेले' म्हणायचे तेच जमा झालेले आहेत! गणित तिन्हीकडे ४०३ − १५८ हेच. गोष्ट बदलली की तुमची नावं खोटी पडतात, वियोज्य-वियोजक पडत नाहीत, कारण ती नावं गोष्टीतल्या पानांना नसून मांडलेल्या संख्यांना आहेत.

सरळसोट

मान्य. अर्धं.

सुरुवात मात्र माझ्याच नावांनी करा. 'गेलेले' कळल्याशिवाय 'वियोजक' नुसता पाठ होतो.

उणेअधिक

नावाशिवायही मराठीत काम भागतं, इकडे कुणाचं लक्ष कसं गेलं नाही? ज्याला 'तून' लागतो ते वियोज्य. '४०३ मधून १५८ वजा कर' म्हणा नाहीतर '१५८ वजा कर, ४०३ मधून' म्हणा. शब्द कसेही फिरवा, 'मधून' आपल्या संख्येचा हात सोडत नाही. '४०३ वजा १५८' म्हटलं की मात्र प्रत्यय गेला आणि सगळा भार क्रमावर आला. रफवही, तुमची भाची 'पहिली कुठली' म्हणून अडली ती यामुळेच. तुम्ही एकदा क्रमाने बोललात आणि एकदा प्रत्ययाने. फोनवर गणित सांगताना कायम 'मधून' वापरा, अर्धं भांडण तिथेच मिटेल.

आता उत्तराच्या नावाबद्दल. 'वजाबाकी' हा शब्दच दोन तुकड्यांचा आहे आणि दोन्ही तुकडे मुळात अरबी. वजा म्हणजे काढून टाकलेलं, बाकी म्हणजे उरलेलं. क्रिया आणि उत्तर दोन्ही एकाच नावात कोंबलेत, म्हणून तो दोन्हींना चालतो. मी स्वतः उत्तराला 'बाकी' म्हणतो. भागाकारातल्या बाकीशी गोंधळ होईल असं कुणी म्हणेल, तर होत नाही, कारण ती बाकीसुद्धा वजाबाकीचंच उत्तर असते. ४०३ ला १५८ ने भागा: दोनदा भाग जातो, ३१६ होतात, ४०३ मधून ३१६ गेले, बाकी ८७. भागाकाराची बाकी म्हणजे त्यातल्या शेवटच्या वजाबाकीची बाकी.

'फरक' आणि 'अंतर' जरा जपून वापरा. ४०३ आणि १५८ यांतला फरक २४५, आणि १५८ आणि ४०३ यांतलाही २४५च. बोलण्यातला फरक क्रम मानत नाही, वजाबाकी मानते. १५८ मधून ४०३ वजा केले तर येतात उणे २४५. 'फरक काढ' म्हटल्यावर पोरं मोठ्यातून लहान काढतात ती काही त्यांची चूक नाही, त्या शब्दाचा अर्थच तसा आहे.

आणि एक विनंती, 'वियोज्य नेहमी मोठं असतं' हे कृपा करून शिकवू नका. आज सोपं वाटतं, पुढे ऋण संख्या आल्या की उकरून काढावं लागतं. शून्यातून धन संख्या वजा केली की ऋण येते, हा नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहून ठेवलाय. तिथे वियोज्य शून्य आहे आणि वियोजक त्याहून मोठा आहे, कुणाचं काही अडलेलं नाही.

शब्दवेडी

उणेअधिक, तुमच्या नावावरून सुचलं. मराठी आकड्यांतच वजाबाकी लपलेली आहे. एकोणतीस म्हणजे एकाने ऊन, म्हणजे एकाने कमी असे तीस. म्हणजे तीस हे वियोज्य, एक हा वियोजक आणि एकोणतीस हे उत्तर. तेही वियोजक आधी, वियोज्य नंतर! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हाच कारभार. फक्त नव्याण्णवला आपण 'एक कमी शंभर' म्हणत नाही. पावणेदोनही तसंच, पाव कमी दोन. मोजायला शिकलेलं प्रत्येक मराठी मूल वजाबाकी बोलतच असतं, नाव माहीत नसतं इतकंच. त्या मुलीला विचारून बघा, एकोणसाठमधला वियोजक कोण.

ताळापाहू

नावांवर खूप चर्चा झाली, त्या ३५५ वर कुणीच बोललं नाही. मला सगळ्यात रस त्यात आहे.

आधी नेहमीची रीत बघू. हातच्याची वजाबाकी दोन तऱ्हेने करतात आणि फोनवर गोंधळ व्हायला हेही एक कारण असतं, शिकवणाऱ्याची एक रीत आणि शिकणाऱ्याची दुसरी. एका रीतीत वियोज्याची मोडतोड होते. ४०३ मध्ये सुटे दशक नाहीत म्हणून एक शतक मोडायचं, त्याचे दहा दशक, त्यातला एक दशक मोडून दहा एकक. हाती राहतात ३ शतक, ९ दशक, १३ एकक. तेरातून आठ गेले पाच, नवातून पाच गेले चार, तिनातून एक गेला दोन: २४५. दुसऱ्या रीतीत वियोज्याला हात न लावता दोन्हीकडे सारखंच वाढवतात. वर एककात दहा वाढवले की खाली दशकात एक वाढवायचा. तेरातून आठ पाच, मग दहातून सहा चार, मग चारातून दोन दोन. उत्तर तेच, कारण वियोज्य आणि वियोजक दोघांत सारखी भर घातली तर बाकी हलत नाही. तोंडी करताना मी हेच वापरतो: दोघांत दोन घातले, ४०५ मधून १६०. अजून चाळीस घातले, ४४५ मधून २००. झालं गणित, हातचा नाही की काही नाही. नाव माहीत असण्याचा फायदा हा, की 'वियोज्यात वाढ केली की उत्तर वाढतं, वियोजकात वाढ केली की उत्तर घटतं' हे एका वाक्यात सांगता येतं. 'वरची' आणि 'खालची'ने हे धडपणे सांगून बघा.

आता भाचीचं उत्तर. तिने ३, ५, ५ असे अंक काढले. हे तिन्ही अंक बरोबर आहेत! चुकलं फक्त चिन्ह. प्रत्येक घरात वियोज्याच्या अंकातून वियोजकाचा अंक इमानाने वजा करा, लहान असो की मोठा. शतक: चारातून एक, ३. दशक: शून्यातून पाच, उणे ५. एकक: तिनातून आठ, उणे ५. म्हणजे ३०० उणे ५० उणे ५. तीनशेतून पन्नास गेले अडीचशे, अडीचशेतून पाच गेले २४५. हातचा न घेता उत्तर आलं, तेही डावीकडून उजवीकडे. हा काही माझा शोध नव्हे, भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत स्थानवार बेरीज किंवा अंतर सुलट क्रमाने करा किंवा उलट क्रमाने, दोन्हीला परवानगी दिलेली आहे.

तेव्हा तिला 'चूक' म्हणू नका. 'तुझ्या दोन पाचांवरचं उणे कुठे गेलं?' एवढंच विचारा. आणि ताळा पाहायला लावा. बाकीत वियोजक मिळवला की वियोज्य परत यायला हवं. ३५५ अधिक १५८ होतात ५१३. आपण निघालो होतो ४०३ वरून. इथे तिचं तिलाच कळेल.

सरळसोट

ताळापाहू, हे आवडलं. पहिल्यांदाच या धाग्यावर कुणीतरी गणित केलं.

रफवही

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल आणि आज दोन्ही दिवस वजाबाकीच घेतली, म्हणून उशिरा लिहितोय.

सुरुवात सरळसोट यांच्या 'असलेले-गेलेले-राहिलेले'ने केली. चांगली चालली. मग पानांचं उदाहरण दिल्यावर तीच म्हणाली, 'मामा, पण यात गेलेले कोण?' तेव्हा भक्षक काढला. तिने वियोजकाला दात काढलेत म्हणे, कागदावर. मला अर्थातच दिसले नाहीत. एकोणसाठमधला वियोजक विचारला तर क्षणभर थांबून 'एक' म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास घरात कुणी आकडा उच्चारला की त्यातला भक्षक शोधत होती. तिच्या आईने मला वेगळा फोन करून काय शिकवतोयस म्हणून विचारलं.

३५५ वर मात्र दोघंही बराच वेळ रमलो. 'तुझे अंक बरोबर होते' म्हटल्यावर तिचा आवाजच बदलला. ३०० उणे ५० उणे ५ तिने स्वतः केलं, ताळाही पाहिला. मी मोडतोडवाला आणि ती 'वर दहा, खाली एक'वाली निघाली, हेही काल कळलं. इतके दिवस मी म्हणत होतो 'दशक मोड' आणि ती काहीच न मोडता बरोबर उत्तर देत होती, तेव्हा मला वाटायचं ती अंदाजाने सांगते. माफी मागितली.

'वरची-खालची' तोंडातून अजून निसटतं माझ्याच. तिने त्यावर दंड ठेवलाय: प्रत्येक 'वरची'ला मी तिचं एक गणित सोडवायचं. आजचं गणित असं होतं, 'मामा, वियोजक १५८, बाकी २४५, वियोज्य सांग.' मी कागद-पेन्सिल शोधायला उठलो आणि एकक मिळवायला लागलो, तर पलीकडून हसू. 'अरे, हा तर ताळा आहे. कालचंच गणित.'